खांबामागचं नाटक

दिवाळी अंकासाठी 'आपल्या नोकरीतले अनुभव लिहा' असं पत्र आलं, तेव्हा माझी सून पत्र हातात धरून हसतच सुटली. "आई, तुम्ही नोकरी कधी केलीत हो?" केली, बाई. वर्षातून पंधरा-वीस दिवसांचीच, पण केली. पनवेलला नाटक कंपनीचा मुक्काम पडला की तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत तंबू उभा राहायचा. त्या तंबूत बायकांच्या दाराशी जी बाई तिकीट फाडायची आणि "सरका, अजून सरका, मांडी आवळा गं, घरचा झोपाळा नाही हा!" म्हणून ओरडायची, ती मी. कंपनीची माणसं मला 'डोअरकीपर वहिनी' म्हणत. एरवी मी कासाराघरची सून. वर्षाचे बाकीचे दिवस पनवेलच्या बाजारात आमच्या दुकानी बसून बांगड्या भरायची.

आता तुम्ही म्हणाल, तिकिटं फाडण्यात कसलं आलंय कसब? तिकीट कोणीही फाडील हो. खरं काम त्याच्या पुढचं. खुर्च्यांना नंबर असत, तिथे माझं काही चालायचं नाही. पण खुर्च्यांच्या पुढे जमिनीवर चटया अंथरलेल्या असत, त्यांना नंबर नव्हते. तिथे कुठल्या बाईला कुणाशेजारी बसवायचं हे सर्वस्वी माझ्या हातात. आणि नाटक रंगतं की पडतं, ते अर्धं तिथे ठरतं. नट लोकांना हे कबूल करायला जड जातं, म्हणून मी सांगते.

हसू एकट्याने येत नाही, त्याला सोबत लागते. तिसऱ्या रांगेत मधोमध एक मोकळी हसणारी बाई बसवा, आजूबाजूच्या आठजणी तिच्या मागोमाग हसतात. तिथेच एखादी तोंड आंबट करून बसली, की हसू तिच्यापर्यंत येतं आणि थांबतं. पुरुषांच्या बाजूचं काय विचारू नका. ते तिकीट काढलंय म्हणून हसतात आणि बायकोकडे वळून बघतात, ती हसली का ते!

माणूस ओळखायला मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. चाळीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या बायकांचे हात हातात घेतले होते. त्या म्हणायच्या, "तोंड काय, खोटं बोलतं. हाताचा सांधा बोलत नाही. हात धरला की बाई कळली पाहिजे." खरंच कळायची. बांगडी चढवताना एखादीचा पंजा लाकडासारखा ताठ होतो. तिला वाटतं, ही आता दुखवणार. एखादी हात देऊन गप्पांत अशी रमते, की डझन भरून झाला तरी तिला पत्ता नसतो. सासूबाईंना हे आतून कळायचं. मला आतून कळायचं ते कळायचंच, पण मी पडले सातवी शिकलेली. मला सगळ्याला नावं द्यायची हौस. मी बायकांचे प्रकार पाडले, आणि नावं घेतली स्वयंपाकघरातली, कारण दुसरं मी बघितलं होतं काय?

पहिला प्रकार फुटाणा. नट नुसता शिंकला तरी ही उडते. फुटाणे मी एका जागी कधीच बसवले नाहीत, चटईभर पेरले. दुसरं ओलं लाकूड. पहिला अंकभर नुसती धुमसते, पण एकदा पेटली की कारुण्याच्या प्रवेशातही विझत नाही. तिला कडेला बसवायची. झाकणी म्हणजे जी हसायच्या आधी शेजारणीकडे बघते आणि मग पदराआड हसते. गावात निम्म्या बायका झाकण्याच असतात. त्यांना फुटाण्याची शेजारीण दिली की काम झालं. मीठ-कमी म्हणजे जिला कशातही काहीतरी उणं दिसतंच. आमच्या मामलेदारीणबाई पक्क्या मीठ-कमी. राणी रडायला लागली की या मोठ्याने म्हणायच्या, "शालू किती चुरगळलाय तिचा!" आणि पाचवा प्रकार पाटा. पाट्यावर काहीही वाटा, पाटा हलत नाही. पाटा म्हणजे माझा शत्रू.

प्रकार पाडले म्हणून माणसं प्रकारात बसतात असं मात्र नाही. रखमाआत्या सुईण घ्या. आयुष्यभर जन्म-मरण बघितलेली बाई, मी तिला ओलं लाकूड समजून कडेला बसवली. नायक मेला, तंबू स्फुंदायला लागला, आणि ही ताडकन उभी राहून ओरडली, "रडू नका गं, श्वास चालू आहे मेल्याचा! पोट बघा त्याचं!" मेलेला नायक हसू दाबता दाबता असा हलायला लागला, की पडदा पाडावा लागला. आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला बुरख्यात यायच्या. त्यांचं तोंड दिसणार कसं? पण त्या हसल्या की त्यांची खुर्ची कुरकुरायची. एकदा विनोदी प्रवेशात खुर्ची कुरकुरली नाही, तर विनोदी नट मला आत बोलावून विचारतो, "वहिनी, खाला आजारी आहेत का?" मी खालांना जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "बेटी, तबीयत अच्छी है, खुर्ची नवी दिलीत ना तुम्ही!"

आता चांगुणाची गोष्ट.

चांगुणा कामोठ्याकडच्या मिठागरात काम करणारी आगरी बाई. आज कामोठ्याला माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा गाव, खाडी आणि मिठाचे पांढरे ढीग, एवढंच होतं. तिथून ती चालत यायची. गुडघ्यापर्यंत आवळलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, अंगाने काटक. दरसाल एकच खेळ बघायची आणि तोही ठरलेला. राजा, राणी, कारस्थानी प्रधान आणि राणीचा नोकर गंपू, असं ते नाटक होतं. लोकांच्या आग्रहाने कंपनी ते दरसाल आणायची. चांगुणा एकटी यायची, सगळ्यांच्या आधी यायची आणि पुढच्या चटईवर मधोमध बसायची.

आणि हसायची नाही. एकदासुद्धा नाही. तंबू डोक्यावर घेतला लोकांनी, तरी ही मान ताठ करून, डोळे रोखून बसलेली. ओठ तेवढे हलायचे, जपाला बसल्यासारखे. गंपूचं काम करायचे शंभूतात्या, कंपनीतले जुने विनोदी नट. पहिल्याच वर्षी ते मध्यंतरात घाम पुसत माझ्याकडे आले. "वहिनी, पाया पडतो तुमच्या, ती पुढची बाई उचला. तिच्याकडे नजर गेली की माझ्या तोंडाला कोरड पडते."

मी मनात म्हटलं, पाटा. अस्सल पाटा. दुसऱ्या वर्षापासून मी तिला खांबामागे बसवायला लागले.

तंबूला बायकांच्या बाजूला एक जाडजूड खांब होता. त्याच्यामागे बसलं की रंगमंचाची डावी बाजू सगळी झाकली जायची, आणि मान बाहेर काढली की मागच्या बायका "ए, खाली हो!" म्हणून कल्ला करायच्या. चांगुणाने कधी तक्रार केली नाही. मी बोट दाखवायची, ती जाऊन बसायची. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच.

खरं सांगायचं तर माझ्या मनात कुठेतरी खुटखुटत होतं. संक्रांतीआधी चांगुणा आमच्या दुकानी बांगड्या भरायला यायची. मिठाने तळव्याला भेगा पडलेल्या, पण सांधा असा मऊ, की सगळ्यात लहान मापाची बांगडी न दुखता सर्रकन आत. सासूबाई ती गेल्यावर म्हणाल्या होत्या, "ही बाई पोटात हसणारी आहे बघ."

"कुठली हो आई," मी म्हटलं, "पाटा आहे नुसता! मी नाटकात बघते ना तिला."

"तू तोंड बघतेस," त्या म्हणाल्या. मी ते कानाआड केलं. मला माझ्या पाच प्रकारांचा केवढा तोरा!

चांगुणाचं ते सहावं वर्ष. त्या वर्षी कंपनी आली ती तोंड पाडूनच. मागच्या दोन गावांना प्रेक्षक आले, पण गंपूला हसले नाहीत. बारा वर्षं तेच नाटक, तेच विनोद. शिवाय तात्यांचं वय झालेलं. पूर्वी ते राणीच्या फुलांचं तबक हातावर नाचवत, गिरक्या घेत यायचे. आता गुडघे धरले होते. गिरकी अर्धीच व्हायची आणि लोकांना कीव यायची. विनोदी नटाची कीव आली की संपलंच सगळं.

बुधवारचा पनवेलचा पहिला खेळही थंड गेला. कंपनीचे मालक कडक, पण दोन तोंडांचे नव्हते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तात्या, रविवारचा दुपारचा खेळ मी स्वतः समोर बसून बघतो. हसू आलं तर गंपू तुमचा. नाही आलं तर सोमवारपासून गंपू माझा भाचा करील, तुम्ही कपड्यांच्या पेट्या सांभाळा."

गुरुवारी सकाळी तात्या आमच्या दुकानात येऊन बसले. चहा दिला तो निवला तरी प्याले नाहीत. "वहिनी, पेट्यांचं काम कमीपणाचं नाही. पण रोज विंगेत उभं राहून दुसऱ्याचा गंपू बघायचा? मला जमायचं नाही ते. मी गावी निघून जाईन. आणि गावी माझं आहे कोण?" मग म्हणाले, "तुम्ही म्हणे हसू पेरता."

मी फुशारकीने बोलले. "तात्या, चहा प्या. रविवारी तंबू हसवला नाही तर कासारीण नाव लावणार नाही."

मग काय, लागले कामाला. बाजारात जो फुटाणा भेटेल त्याला रविवारचं आमंत्रण. पंधरा फुटाणे मी बोटांवर मोजून नक्की केले. कागदावर चटयांचा नकाशा काढला, कोण कुठे, कुणाच्या शेजारी कोणती झाकणी. आमचे हे म्हणाले, "लढाईला निघालीयस की काय?" म्हटलं, लढाईच आहे.

रविवारी दुपारी अडीचला मी दारात उभी. रविवारचा हा दुपारचा खेळ खास आजूबाजूच्या गावांसाठी असायचा, अंधार पडायच्या आत गाड्या घरी पोचाव्यात म्हणून. माझे फुटाणे यायला लागले. आठजणी जागेवर बसवल्याही. तेवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि दोन गाड्यांमधून बायका उतरल्या. एक नाही, दोन नाही, अठरा! सगळ्या आगरी, सगळ्यांच्या अंबाड्यात वळेसर, आणि सगळ्यांत पुढे कोण, तर चांगुणा.

एका पाट्याने तात्यांच्या तोंडाला कोरड पडायची, इथे अठरा पाटे!

मी पटकन म्हटलं, "चांगुणाबाय, तुझी नेहमीची जागा ठेवलीय बघ, खांबामागे. ह्या सगळ्या तिथेच मागे बसतील."

चांगुणा हलली नाही. "आज खांबामांगं नाय बसाची, बाय."

"का गं? इतकी वर्षं बसलीसच ना?"

"बसली, म्हनूनच नाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण पाय जमिनीत रोवलेले होते. "खांबामांगशी अर्दा खेल दिसतं. राजा दिसतं, रानी दिसतं. गंपूचा तं नुसता आवाज. ह्या साऱ्या जनींना आज आख्खा खेल दावाचा हाय माना."

मागून एक पोरसवदा बाई पुढे आली आणि खुदखुदत म्हणाली, "आमी आमच्या चांगुणेचा खेल बगलाय, आता कंपनीचा बगाचा हाय!"

"चांगुणेचा खेळ?" मला कळेना.

मग मला त्या दारात, तिकिटांचा गठ्ठा हातात धरून, जे ऐकायला मिळालं ते सांगते. त्यांच्या मिठागरावरची रीत अशी की, दरसाल बायकांतली एकच नाटकाला जायची. सगळ्या एकदम गेल्या तर मीठ कोण वाहणार? त्या दिवशी तिच्या वाटणीच्या मिठाच्या पाट्या बाकीच्या जणी वाहायच्या. त्या बदल्यात तिने परत येऊन बांधावर सगळं नाटक करून दाखवायचं, राजासकट, राणीसकट, गाण्यांसकट. चांगुणाची आठवण पक्की, म्हणून पाच वर्षं तिलाच धाडत होत्या. या वर्षी अवकाळी पावसाने वाफ्यांतलं मीठ विरघळलं, चार दिवस कामच नव्हतं, म्हणून सगळ्याजणी गाड्या जोडून आल्या होत्या.

"अगं, मग तू हसत का नव्हतीस कधी?" मी विचारलं.

चांगुणाने माझ्याकडे असं बघितलं, की एवढं कसं कळत नाही या शिकलेल्या बाईला! "हसली असती तं पुरचा सबूद चुकला असता. इतक्या जनींचा खेल माझे डोल्यांन व्हता, बाय. हसू कशी?"

अहो, मी शरमेने अर्धमेली झाले. अख्ख्या तंबूत सगळ्यात मन लावून नाटक बघणारी बाई, तिला मी चार वर्षं खांबामागे बसवली! आणि तिच्या एकटीच्या नव्हे, मिठागरावरच्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांसमोर तो खांब आणून उभा केला.

पण शरम एकीकडे आणि तात्या एकीकडे. पुढच्या चटईवर माझे फुटाणे बसले होते. त्यांना उठवायचं आणि तिथे या अठराजणी बसवायच्या, म्हणजे ज्यांचा माझ्याकडे काहीच अंदाज नाही अशांच्या हाती त्या म्हाताऱ्याचं नशीब द्यायचं. मालक तिसऱ्या रांगेत येऊन बसलेसुद्धा होते. काय करू? मी चांगुणाचा हात धरला. नुसता धरला. तोच तो मऊ सांधा. सासूबाईंचं वाक्य आठवलं आणि माझा नकाशा मी कमरेला खोचून टाकला.

"उठा गं," मी फुटाण्यांना म्हटलं, "मागे सरका. पाहुणे आलेत."

पडदा वर गेला. पहिला प्रवेश राजा-राणीचा. अठराजणी गप्प, सगळ्यांचे डोळे वर. मग डावीकडच्या दारातून तबक घेऊन गंपू आला. तात्यांनी ती अर्धी गिरकी घेतली, गुडघा धरला, सावरले. पहिला विनोद बोलले.

कोणी हसलं नाही. पुढच्या चटईवरच्या अठराही तोंडांवर नुसतं आश्चर्य. मग कुजबुज सुरू झाली. तात्यांचा दुसरा विनोद त्या कुजबुजीत बुडाला. मालकांनी हाताची घडी घातली. मी दाराचा बांबू घट्ट धरून उभी, म्हटलं, मारलं मी म्हाताऱ्याला, माझ्या हाताने मारलं.

आणि तीच मघाची पोरसवदा बाई मोठ्याने म्हणाली, "अगो चांगुणे, ह्यो गंपू खोटा हाय!"

दुसरी म्हणाली, "ह्यो तं नीट चालतं! आपला गंपू असा कवा चालला?"

तंबूत सगळे वळून बघायला लागले. तात्या बोलायचे थांबले. मला वाटलं, आता रडतील. पण तो माणूस पन्नास वर्षं लोकांसमोर उभा राहिलेला. ते तबक घेऊन तसेच पुढे आले, रंगमंचाच्या कडेशी उभे राहिले आणि अगदी गंपूच्याच आवाजात म्हणाले, "बायांनो, मी खोटा काय? मग तुमचा खरा गंपू चालतो तरी कसा? दाखवा बघू!"

सतराजणींनी एकदम चांगुणाला ढोसलं. "दाव गो! दाव!"

आणि चांगुणा उठली. तिने पदर कमरेला खोचला. खालची एक चटई ओढली, तिची गुंडाळी केली आणि डोक्यावर घेतली. दोन्ही हातांनी ती धरून चांगुणा चालायला लागली.

मिठागराचा बांध मी पाहिलाय. हातभर रुंद आणि बुळबुळीत. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घेऊन त्यावरून चालायचं म्हणजे गुडघे वाकलेले लागतात, पायाची बोटं माती धरतात, आणि कंबर एकीकडे तर पाटी दुसरीकडे. चांगुणा तशी चालली. मग पाटीतून खारं पाणी गळायला लागलं. कुठलं पाणी आलंय, पण आम्हाला सगळ्यांना ते दिसलं! ते गळलं थेट डोळ्यात. पुसायला हात मोकळा नाही. म्हणून तिने तो डोळा मिटला, उघडला, परत मिटला. मग नाक खाजायला लागलं. तिने नाक असं वाकडं केलं, ओठ असा वर नेला, की पहिल्यांदा फुटल्या त्या मामलेदारीणबाई. माझी पक्की मीठ-कमी! त्यांच्यामागून सगळा तंबू कोसळला. मागे पाठवलेले माझे फुटाणे फटाफट उडायला लागले, खालांची नवी खुर्ची कुरकुरायला लागली, आणि माझं म्हणाल तर माझ्या हातातली तिकिटं कधी खाली पडली मला कळलं नाही.

का केलं होतं चांगुणाने असं? साधं होतं. पहिल्या वर्षी बघितलेला गंपू बांधावरच्या बायकांना जुना झाला, आणि पुढे खांबामुळे तिला गंपू दिसायचाच नाही. लोक कशाला हसतायत ते कळायचं नाही. पण बांधावर बायका विचारणार, लोक का हसले? मग तिने आपल्या मनाने गंपू रचला. त्यांना सगळ्यांना जे रोज होतं आणि पुसता येत नाही, ते तिने गंपूला दिलं.

तात्या नुसते बघत होते. मग त्यांनी हातातलं फुलांचं तबक उचलून डोक्यावर ठेवलं. गुडघे वाकवले, आणि दुखरे गुडघे ते, आपसूकच वाकले! बांधावरून चालल्यासारखे ते राणीकडे निघाले. मध्येच डोळा मिटला. नेमका राणीसमोर. राजाचं काम करणारा गडी हुशार, तो एकदम गरजला, "गंप्या! राणीसाहेबांना डोळा मारतोस?"

"नाही महाराज," तात्या तबक सावरत म्हणाले, "मीठ गेलंय!"

अहो, काय सांगू! अठराजणी उठून उभ्याच राहिल्या. "ह्योच! ह्योच आपला गंपू!" म्हणून टाळ्या पिटायला लागल्या. पुढचे सगळे विनोद त्यांना तोंडपाठ. तात्यांनी वाक्य सुरू करायचं, यांनी पुरं करायचं, आणि तात्यांनी त्याच्यावर कडी करायची. नाटक तासभर लांबलं. मी मालकांकडे बघितलं. ते उपरण्याने डोळे पुसत होते आणि शेजारी बसलेल्या भाच्याच्या पाठीत हसता हसता गुद्दे घालत होते. बिचारा भाचाही हसत होता.

खेळ संपल्यावर मालक आत गेले आणि एवढंच म्हणाले, "तात्या, पेट्यांसाठी दुसरा माणूस बघतो." शंभूतात्या मटकन खाली बसले आणि रडले. लाज न बाळगता रडले. मग रंग ओघळलेल्या तोंडानेच बाहेर गाड्यांपाशी आले आणि सगळ्यांदेखत चांगुणाला वाकून नमस्कार केला. "बाय, मी गुडघे लपवत होतो गं. तू मला सांगितलंस, तेच पुढे कर म्हणून."

"मी काय बी नाय सांगितला," चांगुणा म्हणाली, "तुमी माना दिसत नव्हतंव, म्हनून केला."

मग मी पुढे झाले आणि तिला खरं ते सांगितलं. खांबामागे मीच मुद्दाम बसवत होते, तू हसत नाहीस म्हणून. तात्यांनीही मान खाली घातली, तिला उठवा म्हणणारे तेच. चांगुणाने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आणि तेव्हा मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. अशी हसली, की बैल बुजले.

'पाटा' हा प्रकार मी त्या दिवशी काढून टाकला. बाकीचे चार ठेवले, खोटं कशाला बोलू? त्यांनी पुढेही मला खूप कामं दिली. पण दारातून बाई आत आली की आधी बसायला मदत म्हणून तिचा हात धरायचा, मग तिला नाव द्यायचं, हे मात्र शिकले. सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या नुसत्या गालात हसल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या साली कंपनी आली. मी सगळ्यात पुढची, मधोमध चटई चांगुणासाठी राखून ठेवली होती, कुणाला तिच्यावर पाय ठेवू दिला नव्हता. मिठागर जोरात चालू होतं, त्यामुळे ती नेहमीसारखी एकटीच आली. मी मोठ्या मानाने तिला पुढे नेलं. तिने चटईकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं.

"नको, बाय. माना थं खांबामांगंच दे."

"अगं, वेडी का खुळी? इथून सगळं दिसेल!"

"त्याच्यासाठीच तं नको. सगला दिसला तं माना सांगाला काय रायलं? बायका बोलतान, कंपनीचा खेल बरा हाय, पन चांगुणेचा बेस."

मी तिला खांबामागे नेलं. जुनी चटई काढून नवी अंथरली आणि तिच्या मागे एक झाकणी बसवली, जी कधी "खाली हो" म्हणून ओरडणार नाही.

ती गोष्ट तात्यांच्या कानावर गेली. त्यानंतर पनवेलला तो खेळ झाला, की दरसाल पडदा पडल्याबरोबर शंभूतात्या रंगही न पुसता बायकांच्या बाजूला यायचे, धपकन त्या खांबामागे बसायचे, गुडघे दाबत दाबत, आणि विचारायचे, "हं, बोल चांगुणे, आज मी काय काय केलं?"